बिबड्यांचा रविवार

मार्चच्या शेवटी रेखाताईंचा फोन आला. एप्रिलचा दुसरा रविवार ठरला आहे, ज्वारी भिजत घालतो, तू शनिवारच्या गाडीने ये, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. रेखाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. नरडाण्याहून थोडं आत आमचं गाव आहे. तिथलं घर, शेती आणि सासूबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, हे सगळं त्या सांभाळतात. फोन मिनिटभराचा होता. त्यात एक प्रश्न नव्हता. पूर्वी तो असायचा, आणि सगळ्यात आधी असायचा.

आमच्याकडे बिबड्यांचा दिवस पंचांगावरून ठरत नाही. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ते घालायला घरच्या आणि शेजारच्या मिळून सात-आठ बायका लागतात. पाळी आलेल्या बाईचा पिठाला हात लागला तर बिबडे लाल पडतात, असं गावात मानतात. म्हणून आधी प्रत्येकीची तारीख विचारायची आणि त्यातून सगळ्यांना जमेल असा एक दिवस काढायचा. वर्तमानपत्रात पान लावताना एक जाहिरात हलवली की तीन बातम्या हलतात. ही जुळवाजुळव तशीच असते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती पाहत आले आहे.

उन्हाळा सुरू झाला की मला आधी भिजलेल्या ज्वारीचा वास आठवतो. तीन दिवस पाण्यात राहिलेली ज्वारी आंबूस, ओल्या मातीच्या जवळपासचा वास सोडते. मग ती धुऊन, वाळवून, भरडून उकळत्या पाण्यात शिजवतात. त्याचा घाटा होतो. जिरं, तीळ, लसूण, मिरची. हात पाण्यात बुडवायचा, चटका बसण्याआधी गोळा उचलायचा आणि ओल्या धोतरावर गोल थापायचा. लहान मुलं वाटीत घाटा घेऊन त्यावर कच्चं तेल ओततात आणि अंगणभर हिंडत खातात. नऊ वाजेपर्यंत खाटा, गच्ची, बैलगाडीची साटी, सगळं पांढऱ्या गोलांनी भरून जातं. दुपारी ऊन इतकं तापतं की गल्लीत कुत्रंही दिसत नाही. बिबड्यांना तेच ऊन लागतं.

ज्या उन्हाळ्यात तो प्रश्न थांबला, तो तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा खरं तर त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सुरू झाला.

जळगावात एप्रिल-मेमध्ये बाईला घाम आला, तर त्यात बातमी नसते. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. जिल्ह्याचं पान माझ्याकडे असतं आणि त्यावरची तापमानाची चौकटही मीच भरते. एका दुपारी चौकट भरताना छातीतून एक आग उठली, मानेवरून कानांपर्यंत गेली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. मागे घाम राहिला, मग थंडी वाजली. मी एसीकडे पाहिलं. तो चालू होता. दुसऱ्या दिवशी तसंच तीनदा झालं.

माझे पती दिलीप पाइपच्या कारखान्यात आहेत. यंत्र बिघडलं की आधी सोपा भाग बदलून पाहायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या. मग पंप बदलला. मग कूलरच मोठा आणला. डेस्कवरच्या सहकाऱ्याने माझ्या पर्समध्ये कांदा ठेवला. कोणी सब्जा सांगितला, कोणी गुलकंद, कोणी कैरीचं पन्हं. प्रत्येकाकडे उपाय होता आणि प्रत्येक उपाय उन्हावरचा होता. अक्कांनी फोनवर निकाल दिला, "उन्हाळा शे तो. बठ्ठासलेच व्हस."

उन्हाळा आहे, सगळ्यांनाच होतं, हे मीही मानलं. ही चूक दुसऱ्या गावातल्या बाईने केली नसती. महाबळेश्वरच्या बाईला पहिल्या आठवड्यात शंका आली असती. आमच्याकडे शंकेला जागाच नव्हती, कारण ऊन रोज डोक्यावर तळपत होतं.

सवयीने मी डायरीत दोन रकाने ठेवले होते. एकात शहराचं तापमान, दुसऱ्यात माझ्या झळा. जूनमध्ये पाऊस आला आणि पहिला रकाना उतरला. दुसरा उतरला नाही. गणपती झाले, दिवाळी झाली. दिवाळीनंतर पाळी आली नाही. डिसेंबरात मी थंडीच्या लाटेची बातमी लावत होते. शेजारच्या टेबलावर पानं जुळवणारा चौधरी माकडटोपी घालून बसला होता आणि माझ्या डोक्यावर पंखा चालू होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा उन्हाळा अजून गेला नाही."

ते विनोदाने म्हटलं होतं. मी डायरी काढून पाहिली आणि ते खरं निघालं.

तरी मी लगेच डॉक्टरकडे गेले नाही. झोप तुटत होती, गुडघे आखडत होते, आणि शब्द सापडत नव्हते. शब्द न सापडणं हे माझ्या कामात साधं दुखणं नाही. जानेवारीत दशक्रियेच्या दोन जाहिरातींचे फोटो माझ्या हातून बदलले गेले. एका घराच्या आजोबांच्या नावावर दुसऱ्या घरच्या आजोबांचा चेहरा छापून आला. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी दोन्ही घरी जाऊन माफी मागितली. एका घरातल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "फोटो त्यांचा असता तरी ते परत आले नसते. पाणी घ्या." मी पाणी प्यायले आणि ऑफिसात येऊन राजीनामा लिहिला. संपादकांनी तो वाचला, खणात ठेवला आणि आधी तब्येत दाखवून या म्हणाले.

डॉक्टर बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. मी डायरी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन्ही रकाने वाचले. मग म्हणाल्या, "पाळी जाण्याच्या वेळचा हा त्रास इथल्या सगळ्याच बायका उन्हावर ढकलतात. पाऊस पडूनही बरं वाटलं नाही, की मग येतात. तुम्ही थंडी संपेपर्यंत थांबलात."

त्यांनी रक्तदाब पाहिला, रक्त तपासलं, सोनोग्राफी आणि स्तनांची तपासणी करून घेतली. घरात कोणाला स्तनाचा कर्करोग होता का, कोणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे दोनदा विचारलं. सगळे अहवाल आल्यावर हार्मोनचं औषध सुरू केलं. रोज सकाळी दंडावर लावायचं जेल, आणि महिन्यातले बारा दिवस झोपताना एक कॅप्सूल. पाळी थांबून वर्ष झालेलं नाही, गर्भाशय जागेवर आहे, म्हणून कॅप्सूल टाळता येणार नाही, आणि ती संपली की दोन दिवसांनी पाळीसारखं रक्त जाईल, असं त्यांनी आधीच सांगितलं. तो आजार नाही, औषधाचाच भाग आहे. मधेच, अवेळी गेलं तर मात्र लगेच यायचं.

औषधाची सवय होणं हे बातमीसारखं एका ओळीत होत नाही. पहिले दोन आठवडे छाती जड झाली, डोकं दुखलं. जेलला स्पिरिटचा वास यायचा. ते वाळेपर्यंत हात अंगापासून लांब धरून उभं राहावं लागायचं. बाही खाली घेता येत नसे, कोणाला हात लागू देता येत नसे. त्या पाच मिनिटांत मी खिडकीतून बाहेर पाहायचे. डाळ मिलकडे जाणारे ट्रक, तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना गॉगल बांधून स्कूटीवर निघालेल्या मुली, रस्त्याच्या कडेला केळीच्या पानांवर चरणारी गाय. इतकी वर्षं त्याच खिडकीत उभं राहायला मला सकाळची पाच मिनिटं मिळाली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सलग सहा तास झोप लागली. महिना संपता संपता डायरीतला दुसरा रकाना निम्म्यावर आला. एका सकाळी दात घासताना 'अनुक्रमे' हा शब्द परत आला. डावीकडून अनुक्रमे अमुक, तमुक. फोटोखालच्या ओळीत रोज लागणारा हा शब्द दोन महिने माझ्याकडे नव्हता आणि मी त्याच्या जागी काहीबाही लिहून वेळ मारून नेत होते. मी ब्रश हातात धरून तो मोठ्याने म्हणून पाहिला.

दिलीपना हे औषध पटलं नव्हतं. त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं की त्याने कर्करोग होतो. मी वाद न घालता त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर लिहून आणलेले सात प्रश्न विचारले. धोका शून्य नाही, तो वयावर, औषधाच्या प्रकारावर आणि किती वर्षं घेतो त्यावर ठरतो, म्हणून दर वर्षी तपासणी, अशी उत्तरं मिळाली.  दुसऱ्या दिवशी जेलची ट्यूब त्यांनी खिडकीतून उचलून माठाशेजारच्या गारव्यात ठेवली. त्यांचा होकार मला तसाच मिळाला.

गावाचा होकार मात्र बाकी होता, आणि मी तो मागितलाच नव्हता.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा, औषध सुरू होण्याच्या आधी, अक्कांनी विचारलं होतं आणि मी दिवाळीपासून पाळी नाही म्हणून सांगितलं होतं. अक्कांचा उजवा खांदा आखडला होता. चुलीवरचं मोठं पातेलं, तीस वर्षं त्यांच्याच हातात असलेलं, आता कोणाकडे जाणार हा घरातला मोठा प्रश्न होता. घाटा हलवणारी बाई एकदा ठरली की वर्षानुवर्षं तीच हलवते, म्हणून ती पाळी गेलेली असावी लागते. अक्का म्हणाल्या, "यंदा घाटा सुनंदा हलावी." सुनंदा म्हणजे मी. रेखाताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. त्यांची पाळी अजून अधूनमधून येत होती. त्यांनी तिळगुळाचा डबा जरा जोरात बंद केला.

त्या एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाकी सगळ्यांच्या तारखा घेतल्या. तुझं तर आता विचारायचं कामच नाही." माझ्यासमोर कॅलेंडर होतं. कॅप्सूल गुरुवारी संपत होती. शनिवारी किंवा रविवारी रक्त जाणार हे मला आकड्यात दिसत होतं. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. न बोलणं ही माझी चूक होती आणि ती मी त्याच क्षणी ओळखली होती.

तीन मार्ग होते. कॅप्सूल पुढे ढकलायची. गावी न जाणं. किंवा जाऊन गप्प राहणं, कारण बाहेरून कोणालाच काही दिसत नाही. पापडासाठी औषधाचं वेळापत्रक हलवायचं नाही, हे मी लगेच ठरवलं. तिसरा मार्ग सोपा होता. शनिवारी गाडीत बसेपर्यंत मी त्याच मार्गावर होते. अमळनेर मागे पडलं तेव्हा त्या दोन आजोबांचे फोटो आठवले. खोट्या नावाखाली खरा चेहरा. तसं मला अंगणात बसायचं नव्हतं.

रविवारी पहाटे पातेल्यात पाणी उकळत होतं. आठ बायका होत्या. पीठ चाळून तयार होतं आणि अक्कांनी लाकडी दांडा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही.

"अक्का, माझी पाळी आली आहे. मी औषध घेते, त्याने येते. दर महिन्याला येणार. काम मी करणार आहे, पण लपवून करणार नाही."

चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, तडतडत होत्या. मग शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "बाया ती जावानी वाट देखतस. तू इकत लयनी." बाया पाळी जाण्याची वाट बघतात आणि मी ती विकत आणली, यावर दोघी-तिघी हसल्या. मीही हसले असते, पण रेखाताई उठून माझ्यासमोर आल्या होत्या.

"बंद कर ते औषध. आजच्या आज बंद कर. माझी आई दोन वर्षं कुजत होती छातीच्या आजाराने. मी धुतलंय तिला. तुला काय माहीत?"

त्यांच्या आईचं आजारपण मला माहीत होतं, पण धुणाऱ्या हातांकडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचा राग पातेल्यासाठी नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, तुमची भीती खरी आहे, ताई, पण औषध बंद करणार नाही. मग झोपेचं, शब्दांचं, बदललेल्या फोटोंचं, खणातल्या राजीनाम्याचं, सगळं सांगितलं. अंगणात उभं राहून, आठ बायकांसमोर. बातमी सांगावी तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कोणत्या रीतीने मला ते सांगता आलं नसतं.

अक्का खाटेवर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे पुष्कळदा मनात लिहून पाहिलं. त्यांना हे सुरू झालं तेव्हा त्या शेतात पऱ्हाट्या वेचत होत्या. भर वैशाखात त्या काम टाकून विहिरीच्या पायरीवर जाऊन बसत, पाय पाण्यात सोडून. असं रोज होऊ लागलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी ठरवलं की बाईला बाहेरचं काही लागलं आहे. साक्रीपलीकडच्या डोंगरात एका भगताकडे नेलं. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि अंगात कोण आलं आहे, नाव सांग म्हणून दरडावलं. धूर सहन होईना, तेव्हा अक्कांनी आपल्या मेलेल्या सासूचं नाव सांगितलं. सासरे हात जोडून खाली बसले. त्यानंतर त्या विहिरीवर गेल्या तरी कोणी हटकलं नाही. हे सांगताना अक्का स्वतःच हसल्या. मग हसू ओसरलं.

"सात वरीस. पण तुले काय व्हस, असं माले कोणीच नही इचारं."

पाणी आटत चाललं होतं. त्यांनी दांडा पुन्हा माझ्यापुढे धरला.

"हलाव. लाल व्हयनात त मी खासू."

दोन बायका आपापली धोतरं उचलून घरी गेल्या. हे नोंदवायला हवं. कमलबाई थांबल्या. रेखाताईही थांबल्या, पण अंगणाच्या पार टोकाच्या खाटेवर थापायला बसल्या आणि घाटा न्यायला स्वतः न येता मुलीला पाठवत राहिल्या. मी पीठ सोडत गेले, हलवत गेले. गुठळी होऊ नये म्हणून दांडा एकाच दिशेने फिरवायचा असतो आणि थांबायचं नसतं. माझ्या मानेवरून घाम वाहत होता. तो चुलीचा होता. मला आता फरक कळत होता.

दुपारी धोतरं उलटी करून मागून पाणी शिंपडलं आणि बिबडे सोडवले. ते पांढरे होते. एका धोतरावरच्या चार-पाच बिबड्यांच्या कडा तांबूस निघाल्या. तिथे मिरची जास्त पडली होती. कमलबाईंनी त्यातला एक उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि मग खाल्ला. लाल झाले तर मी खाईन म्हणालेल्या अक्कांना दिला नाही.

आज मी अजून औषध घेते. प्रमाण कमी झालं आहे, पद्धत बदलली आहे, पाळी आता येत नाही. किती काळ घ्यायचं हे डॉक्टर आणि मी दर वर्षी तपासणी झाल्यावर ठरवतो. राजीनामा संपादकांनी परत दिला. तापमानाची चौकट मीच भरते आणि या आठवड्यात पारा पुन्हा त्रेचाळीसच्या वर गेला आहे. डेस्कवर नव्या आलेल्या एकीने परवा मानेवर ओला रुमाल ठेवला होता. तिला मी कांदा दिला नाही. वय विचारलं, डायरी ठेवायला सांगितली.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी संध्याकाळी मला स्टेशनवर सोडायला रेखाताई आल्या. तशी गरज नव्हती. पिशवीतला बिबड्यांचा डबा त्यांनी स्वतः धरला होता. पॅसेंजर उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो. मग, माझ्याकडे न बघता, त्या डॉक्टरबाई मंगळवारी असतात का, असं त्यांनी विचारलं. असतात, म्हणाले.

त्या मंगळवारी त्या एकट्या गाडीने जळगावला आल्या. घरी सोन्याच्या दुकानात काम आहे म्हणून सांगितलं होतं. त्यांना पुढे माझं औषध मिळालं नाही. आईच्या आजारामुळे डॉक्टरांनी त्यांच्यासाठी हार्मोन नसलेला दुसरा उपाय निवडला, आणि त्याचाही त्यांना उपयोग झाला. पण मला आठवतं ते त्या आत जाण्याआधीचं.

बाहेरच्या खोलीत भरायला एक फॉर्म दिला होता. चष्मा विसरले, तू लिही, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. चष्मा त्यांच्या पर्समधून डोकावत होता. नाव, वय, गाव लिहून झालं. मग मी विचारलं, त्रास काय होतो. त्या आधी म्हणाल्या, काही खास नाही. मी पेन तसंच धरून थांबले. हळूहळू त्या बोलायला लागल्या. झोप. गुडघे. पोळ्या लाटताना अंगाला लागणारी आग. मुलीवर उगाच ओरडणं. गोठ्यात जाऊन रडणं, तिथे म्हशी असतात म्हणून. चार वर्षांचं होतं ते. इतकी वर्षं लोकांचं बोलणं कापून मापात बसवणं हे माझं काम होतं. त्या दिवशी मी काही कापलं नाही.

फॉर्मवर तक्रारीसाठी दोन ओळी सोडलेल्या होत्या. त्या केव्हाच भरल्या. मी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला पेन टेकवलं आणि म्हणाले, "पुढे सांगा, ताई."